जंतू जिवंत पोचला तरच : परम्यावरच्या औषधांची पाळत कशी ठेवतात

जुन्या मराठीत ‘गरमी-परमा’ अशी जोडी सर्रास बोलली जायची. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया. दोन्ही लैंगिक संबंधातून पसरतात आणि दोन्हींवर पेनिसिलिनचा उपाय एकाच सुमारास, १९४३मध्ये सापडला. गरमीवर पेनिसिलिनचं इंजेक्शन ऐंशी वर्षांनंतर आजही लागू पडतं. परम्यावर ते कधीच निकामी झालं, आणि त्यानंतर आलेली बहुतेक औषधंही एकेक करून त्याच वाटेने गेली.

फरक जंतूच्या स्वभावात आहे. परम्याचा जंतू, म्हणजे गोनोकोकस, दुसऱ्याचं उचलण्यात पटाईत आहे. शेजारचा जंतू मेला, फुटला की त्याच्या डीएनएचे तुकडे आजूबाजूला सांडतात. गोनोकोकस ते आत ओढून घेतो आणि कामाचा तुकडा स्वतःच्या जनुकांत बसवतो. ही देवाणघेवाण मुख्यतः घशात होते. आपल्या घशात त्याचे निरुपद्रवी चुलतभाऊ कायमचे राहतात. आपण सर्दी-खोकल्यावर, कानावर, दातावर घेतलेलं प्रत्येक अँटिबायोटिक त्यांनी झेललेलं असतं, आणि त्यांतले काही ते पचवायला शिकलेले असतात. मुखमैथुनातून परम्याचा जंतू घशात पोचतो आणि बहुतेक वेळा काहीच त्रास न देता तिथे राहतो. पेनए नावाचं जनुक त्याने असंच तुकड्यातुकड्यांनी जोडून घेतलं, गोधडीसारखं. सेफ्ट्रायाक्सोन हे परम्यावरचं सध्याचं मुख्य औषध जंतूच्या ज्या प्रथिनाला चिकटून त्याला मारतं, ते प्रथिन याच जनुकावरून बनतं. जनुक बदललं की औषधाला पकड मिळत नाही.

आजवरची हार थोडक्यात अशी. सल्फा औषधं आधीच गेली होती. पेनिसिलिनचा डोस वर्षानुवर्षं वाढवत न्यावा लागला, आणि १९७६मध्ये पेनिसिलिनच तोडून टाकणारे जंतू इंग्लंड-अमेरिकेत सापडले. १९८०च्या दशकात टेट्रासायक्लिन गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिनची शिफारस अमेरिकेने २००७मध्ये काढून घेतली, सेफिक्झिमच्या गोळीचं पहिल्या पसंतीचं स्थान २०१२मध्ये गेलं. आता भिस्त सेफ्ट्रायाक्सोनच्या इंजेक्शनवर आहे. अमेरिकेत ५०० मिलिग्रॅम, ब्रिटनमध्ये १ ग्रॅम, आणि २०२४पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतही १ ग्रॅम.

यातलं प्रत्येक औषध निकामी होण्याआधी काही वर्षं खुणा दिसत होत्या. त्या वेळेत टिपणं, म्हणजेच पाळत. आणि इथे पहिलीच पंचाईत येते.

किट दिली, रोगी बरा झाला, माहिती गेली

भारतात लैंगिक आजारांसाठी असलेल्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लघवीच्या जागेतून पू येण्याची तक्रार घेऊन कोणी आलं, की लक्षणं पाहून उपचार द्यायची पद्धत आहे. नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, त्यासाठी रंगीत किट ठरवून दिल्या. अशा रोग्याला वर्षानुवर्षं राखाडी किट मिळत आली : अॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच, शक्यतो डॉक्टरांसमोर गिळायच्या. सोबत क्लॅमिडिया हा दुसरा लैंगिक आजारही असू शकतो, त्याचा बंदोबस्त अॅझिथ्रोमायसिन करतं.

पद्धत चुकीची नाही. प्रयोगशाळा नसलेल्या गावात रोग्याला रिपोर्टसाठी चार दिवस ताटकळत ठेवण्यापेक्षा आज गोळी देणं कधीही चांगलं, कारण या चार दिवसांत संसर्ग पुढे जातो. पण यात जंतू कोणीच पाहत नाही. रोगी परत आला नाही तर तो बरा झाला, की दुसऱ्या दवाखान्यात गेला, की बायकोलाही लागण झाली, हे कळायला मार्ग नाही. शिवाय कितीतरी जण क्लिनिकपर्यंत येतच नाहीत, मेडिकलवाल्याला लक्षण सांगून गोळ्या घेतात. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रायाक्सोन शेड्यूल एच-वनमध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दिल्याची वेगळ्या वहीत नोंद करायची. नियम कागदावर नीट आहे.

प्रत्येक रोग्याची तपासणी शक्य नसल्यामुळे जगभर एकच मार्ग निघाला : काही ठरावीक क्लिनिक निवडायची आणि तिथल्या ठरावीक रोग्यांचे नमुने न चुकता घ्यायचे. अमेरिकेत हे १९८६पासून चालू आहे. तिथे निवडलेल्या प्रत्येक क्लिनिकने दर महिन्याला पू येणाऱ्या पहिल्या २५ पुरुषांचे नमुने पाठवायचे, असा नियम ठरला. ‘पहिले २५’ हा शब्द महत्त्वाचा. डॉक्टरांनी निवडून पाठवले तर ते साहजिकच औषध लागू न पडलेले रोगी पाठवतील आणि प्रतिरोधाचा, म्हणजे औषधाला दाद न देण्याचा, आकडा फुगेल. ब्रिटनने २०००मध्ये स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. जागतिक आरोग्य संघटनेची जुनी यंत्रणा होतीच, तिची जास्त काटेकोर आवृत्ती २०१५मध्ये आली. आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातलं केंद्र दक्षिण-पूर्व आशियासाठी संदर्भ प्रयोगशाळा म्हणून काम पाहतं. महाराष्ट्रात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रादेशिक केंद्र आहे.

पुरुषच का? पुरुषात पू दिसतो, नमुना सहज मिळतो आणि त्यात जंतू भरपूर असतो. बायकांमध्ये बहुतेकदा लक्षणंच नसतात, आणि गर्भाशयमुखाच्या नमुन्यात जंतू कमी भरतो. सोयीच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण मग आकडेवारी पू येणाऱ्या पुरुषांची असते, सगळ्या समाजाची नव्हे. घशात लपलेला जंतू तर तिच्यात जवळजवळ येतच नाही. हे कायम ध्यानात ठेवावं.

स्वॅबपासून प्लेटपर्यंत

गोनोकोकस माणसाच्या शरीरात जितका चिवट, तितकाच बाहेर नाजूक. कोरड्या हवेने मरतो, थंडीने मरतो, साध्या कापसानेसुद्धा मरतो. पाळतीचं बहुतेक अपयश पहिल्या तासाभरात घडून गेलेलं असतं.

रोग्याने तासभर तरी लघवी केलेली नसावी, नाहीतर पू धुऊन जातो. डेक्रॉन किंवा रेयॉनचा बारीक स्वॅब मूत्रमार्गात २-३ सेंटिमीटर आत घालायचा, हळूच फिरवायचा, ५-१० सेकंद थांबून काढायचा. कापसाच्या बोळ्यात स्निग्ध आम्लं असतात, लाकडी काडीतूनही जंतूला मारक द्रव्यं उतरतात, म्हणून घरगुती इअरबडसारख्या वस्तू इथे चालत नाहीत. आणि हे सगळं गोळी देण्याआधी. आधी किट आणि मग स्वॅब, हा उलटा क्रम झाला की प्लेट कोरी राहते.

प्लेट म्हणजे जंतू वाढवायची उथळ ताटली. तिच्यावर चॉकलेट अगार, म्हणजे जंतू वाढायचं माध्यम, असतो. नाव रंगावरून पडलंय. रक्त तापवलं की तांबड्या पेशी फुटतात आणि माध्यम चॉकलेटी होतं. त्यातच चार औषधं मिसळतात : व्हँकोमायसिन, कोलिस्टिन, निस्टॅटिन आणि ट्रायमेथोप्रिम. इतर जंतू आणि बुरशी अडवून गोनोकोकसला एकट्याला जागा मोकळी करून देणं हे त्यांचं काम. गंमत अशी की गोनोकोकसचे काही प्रकार व्हँकोमायसिनलाच बळी पडतात, म्हणून जमेल तिथे औषधं नसलेली साधी चॉकलेट प्लेटही सोबत लावतात.

फ्रिजमधून काढलेल्या गार प्लेटवर स्वॅब घासायचा नाही, प्लेट आधी खोलीच्या तापमानाला आणायची. एका कडेला झेडच्या आकारात स्वॅब फिरवायचा आणि मग निर्जंतुक लूपने रेघा ओढत पसरवायचा. यानंतर प्लेटला ३५-३६ अंश उब, दमट हवा आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हवा. त्याचं यंत्र नसेल तर मेणबत्तीचा डबा पुरतो. घट्ट झाकणाच्या बरणीत प्लेटा ठेवायच्या, तळाशी ओला कापूस, वर पेटवलेली मेणबत्ती, आणि झाकण बंद. मेणबत्ती आपोआप विझते तोवर आत सुमारे ३ टक्के कार्बन डायऑक्साइड जमलेला असतो, आणि तेवढ्यावर जंतूचं भागतं. मेणबत्ती पांढरी, बिनवासाची असावी. रंगीत किंवा सुवासिक मेणबत्तीच्या धुराने वाढ खुंटते. हा डबा अनेक महागड्या इनक्युबेटरांपेक्षा भरवशाचा, कारण वीज गेली तरी त्यातला वायू निघून जात नाही.

प्रयोगशाळा लांब असेल तर स्वॅब कोळसा मिसळलेल्या एमीज माध्यमात घालून पाठवतात. सहा तासांत पोचला तर उत्तम, २४ तासांनंतर आशा सोडावी. हा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. रक्ताच्या नळ्या थंड पेटीतून पाठवायची सवय असलेला कर्मचारी परम्याचा स्वॅबही त्याच पेटीत टाकतो, आणि प्रयोगशाळेतून ‘वाढ आढळली नाही’ असा रिपोर्ट येतो. तो ‘रोग नाही’ असा वाचला जातो.

क्लिनिकचं काम बरोबर चाललंय का, हे पाहायला सोपी युक्ती आहे. त्याच स्वॅबची काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पू येणाऱ्या पुरुषात पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी, जोडीजोडीने बसलेले जंतू दिसतात आणि हे निदान शंभरात पंचाण्णव वेळा तरी बरोबर निघतं. काच पॉझिटिव्ह येते पण प्लेटवर वाढ नाही, असं वरचेवर व्हायला लागलं तर दोष रोग्यात नाही, वाटेत आहे.

वाढ दिसली की ओळख पटवतात. ऑक्सिडेजच्या थेंबाने वसाहत काही सेकंदांत जांभळी होते. मग साखरांची चाचणी : गोनोकोकस फक्त ग्लुकोज वापरतो, तर त्याचा भाऊ मेनिंगोकोकस माल्टोजही वापरतो. घशाच्या नमुन्यात ही पायरी गाळली तर निरुपद्रवी चुलतभावालाच परमा ठरवून मोकळे होऊ.

एमआयसी : एक आकडा, पण जपून

आता मुख्य प्रश्न : औषध कितपत लागू पडतं? जंतूची वाढ थांबवायला औषधाची कमीत कमी किती मात्रा लागते, तिला एमआयसी म्हणतात. ती मोजायला बहुतेक प्रयोगशाळा औषधाची पट्टी वापरतात. प्लास्टिकची किंवा कागदाची ही पट्टी, एका टोकाला औषध जास्त, दुसऱ्या टोकाला नगण्य. ताज्या वसाहतींचा ठरावीक गढूळपणाचा द्राव प्लेटभर पसरायचा, वर पट्टी ठेवायची आणि २०-२४ तासांनी बघायचं. पट्टीभोवती वाढ नसलेला लंबगोल तयार होतो. त्याची कड पट्टीला जिथे छेदते, तिथला आकडा म्हणजे एमआयसी.

वाटतं तितकं सोपं नाही. द्राव दाट झाला की एमआयसी खोटी चढते, पातळ झाला की खोटी उतरते. वसाहती शिळ्या असतील तर जंतू आपणहून फुटलेले असतात आणि द्रावात मेलेल्यांचाच भरणा होतो. पट्टीखाली हवेचा बुडबुडा राहिला तर लंबगोल वाकडा येतो. पट्टी उलटी ठेवली तर लंबगोल येतच नाही, आणि नवखा माणूस ‘पूर्ण प्रतिरोधी’ लिहून मोकळा होतो. कार्बन डायऑक्साइडमुळे माध्यम किंचित आंबट होतं आणि तिथे अॅझिथ्रोमायसिनचा जोर कमी पडतो, त्यामुळे त्याचा आकडा मुळातच थोडा वर वाचला जातो.

म्हणून प्रत्येक खेपेला ओळखीचा जंतू सोबत लावतात. एटीसीसी ४९२२६ हा त्यातला नेहमीचा. सेफ्ट्रायाक्सोनला त्याचा आकडा ०.००४ ते ०.०१५ मिलिग्रॅम प्रति लिटर यांच्यामध्येच यायला हवा. बाहेर गेला तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. जागतिक आरोग्य संघटनेनेही संदर्भ जंतूंचा संच तयार केला आहे. त्यात जपानमध्ये २००९मध्ये सापडलेला, सेफ्ट्रायाक्सोनला दाद न देणारा पहिला जंतूही आहे. जिने प्रतिरोधी जंतू कधी पाहिलाच नाही ती प्रयोगशाळा तो आला तर ओळखेल का, हे तपासायला तो लागतो.

एमआयसी दुपटीच्या पायऱ्यांनी मोजतात : ०.०१६, ०.०३, ०.०६, ०.१२५, ०.२५. एक पायरी वर किंवा खाली हा चाचणीतलाच फरक असतो. म्हणून एका रोग्यात ०.०६च्या जागी ०.१२५ आलं तर लगेच बोंब मारायची नाही. पण सेफ्ट्रायाक्सोनला ०.१२५ किंवा वर, सेफिक्झिमला ०.२५ किंवा वर, अॅझिथ्रोमायसिनला २ किंवा वर आलं, तर चाचणी पुन्हा करायची, जंतूची ओळख पुन्हा पटवायची आणि तेच आलं तर वर कळवायचं. शिवाय नुसतं ‘प्रतिरोधी’ असं लिहून भागत नाही, आकडा लिहायचा. सेफ्ट्रायाक्सोनची ०.२५ एमआयसी अमेरिकी नियमाने ‘औषध लागू’ या रकान्यात बसते, युरोपीय नियमाने ‘प्रतिरोधी’ ठरते. जंतू तोच आणि प्लेटही तीच असते. खरी खूण एखाद्या जंतूत नसते. सगळ्या जंतूंचा मधला आकडा वर्षामागून वर्ष एकेक पायरी चढतोय का, ते पाहायचं असतं.

पाच टक्क्यांची रेघ

शंभरातले पाच जंतू एखाद्या औषधाला दाद देत नसतील, तर ते औषध पहिल्या पसंतीचं राहू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना दंडक. एका देशाने वर्षाला निदान १०० जंतू तपासावेत अशीही अपेक्षा असते. आता हिशेब करून बघा. १०० जंतूंत ५ प्रतिरोधी सापडले, तर खरा आकडा सुमारे दीड टक्क्यापासून ११ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. १००मध्ये एकही नाही सापडला तरी प्रत्यक्षात ३ टक्के असू शकतात. ३०च तपासले आणि शून्य आलं, तर १० टक्क्यांचीही शक्यता उरते. ‘आमच्याकडे प्रतिरोध नाही’ असं कोणी म्हटलं, की पहिला प्रश्न : किती तपासले?

नोव्हेंबर २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवे आकडे मांडले. २०२२ ते २०२४ या काळात सेफ्ट्रायाक्सोनचा प्रतिरोध ०.८ टक्क्यावरून ५ टक्क्यांवर गेला, सेफिक्झिमचा १.७वरून ११वर. सिप्रोफ्लॉक्सासिनला तर ९५ टक्के जंतू दाद देत नाहीत. आकडे गंभीर आहेत यात शंका नाही. पण २०२२मध्ये माहिती देणारे देश चार होते, २०२४मध्ये बारा झाले, त्यात भारतही. प्रतिरोध जास्त असलेला देश नव्याने सामील झाला तरी सरासरी वर जाते. त्यामुळे ही वाढ कितपत जंतूंची आणि कितपत यादीची, हे देशवार तक्ते बघूनच ठरवावं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या आकड्याला मात्र अशी कुठलीच पळवाट नाही. परम्यावर ती गोळी घेणं म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया.

पाळत नीट चालली तर काय साधतं, ते २०१८मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. आग्नेय आशियात संबंध आलेल्या एका पुरुषाला १ ग्रॅम सेफ्ट्रायाक्सोन दिलं. नंतरच्या तपासणीत घशात जंतू तसाच होता. मधल्या काळात कल्चर लावलेलं, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवलेला असल्यामुळे आकडे हाताशी आले : सेफ्ट्रायाक्सोन ०.५, अॅझिथ्रोमायसिन २५६च्याही वर. स्पेक्टिनोमायसिननेही घसा साफ झाला नाही, शेवटी एर्टापेनेमची शीर-इंजेक्शनं तीन दिवस द्यावी लागली. कल्चर नसतं तर हा माणूस ‘पुन्हा लागण झाली असेल’ म्हणून परत तेच इंजेक्शन घेऊन घरी गेला असता.

आता बऱ्याच ठिकाणी कल्चर मागे पडून डीएनए शोधणारी चाचणी आली आहे. लघवीच्या नमुन्यावर होते, थंडी-वाऱ्याची पर्वा नाही, निकाल लवकर. पण ती जंतू आहे की नाही एवढंच सांगते. जंतू मेलेला असला तरी काही दिवस पॉझिटिव्हच राहते, म्हणून घशाचा संसर्ग गेला का हे उपचारानंतर दोनेक आठवड्यांनी पाहतात. काही जनुकबदल डीएनएवरून ओळखता येतात, सिप्रोफ्लॉक्सासिनचा तर चांगलाच. पण उद्या जंतूने नवीच शक्कल काढली, तर ती फक्त जिवंत जंतूवर औषध टाकूनच कळेल. म्हणून गोळ्या घेऊनही पाच-सात दिवसांत पू थांबला नाही, तर डॉक्टरांना स्पष्ट म्हणावं : दुसरं औषध देण्याआधी कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करा. जोडीदाराने उपचार घेतला की नाही हेही आधी सांगावं, कारण बऱ्याच ‘औषध लागू पडलं नाही’ प्रकरणांत औषध बरोबर असतं आणि लागण घरातूनच परत आलेली असते.

तपासून झालेला जंतू फेकत नाहीत. २० टक्के ग्लिसरॉल घातलेल्या द्रावात तो घालून, कुपीवर क्रमांक टाकून उणे ७० अंशांवर ठेवतात, आणि दोन कुप्या शक्यतो दोन वेगळ्या फ्रीजरांत. साध्या उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये तो काही आठवड्यांत संपतो. झोलिफ्लोडॅसिन आणि जेपोटिडॅसिन ही दोन नवी तोंडी औषधं मोठ्या चाचण्यांतून पार पडली आहेत. झोलिफ्लोडॅसिनच्या चाचणीत पाच देशांतले ९३० जण होते. माणसांवर जाण्याआधी हे औषध जुन्या गोठवलेल्या जंतूंवर घालून पाहिलं गेलं, सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणाऱ्यांवरसुद्धा. ज्या प्रयोगशाळेत रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि कोणी सकाळपर्यंत फ्रीजर उघडून पाहिला नाही, तिच्याकडे अशा तपासणीला द्यायला काही उरलेलं नसतं.